सात नंबरचे खड्डे

१

सकाळी सातला फाटक उघडलं, तेव्हा संशोधन केंद्राच्या शेतात केळीची चाळीस झाडं आडवी पडली होती.

तीनशे वीस झाडांतली नेमकी चाळीस. शेतात केळीचे आठ वाण होते, प्रत्येकाची चाळीस झाडं, आणि पडली होती ती सगळीच्या सगळी सात नंबरच्या वाणाची. बाकीच्यांचं पानसुद्धा फाटलं नव्हतं. शिवाय नुसती कापली नव्हती. बुंधे तिथेच टाकून जमिनीतले कंद कुणीतरी उकरून नेले होते. मागे उरले होते चाळीस खड्डे.

त्या भागात तीन महिने कोरडी, बोचरी थंडी पडते आणि जमिनीत मर रोग मुरलेला आहे. या दोन्हींना पुरून उरेल अशी केळ कोणती, हे ठरवायला तीन वर्षं हा प्रयोग चालला होता. सगळ्यांची भिस्त सात नंबरवर होती. आणि आज सकाळीच निकाल द्यायला वरून समिती येणार होती.

साडेसातला खड्ड्यांजवळ एक कोयता सापडला. मुठीला हिरवी चिंधी गुंडाळलेली. कुणाचा, हे विचारायची गरज नव्हती. आठला मुकादमबाईंना फाटकाबाहेर काढलं. सव्वाआठला बातमी घरी पोचली आणि आठ पंचवीसला टेपबाई रस्त्यावर होत्या, एका पायात स्वतःची चप्पल आणि दुसऱ्या पायात भावाची.

टेपबाई हे काही त्यांचं नाव नव्हे. सव्वीस वर्षं त्यांनी गळ्यात मोजपट्टी अडकवून याच केंद्रातली झाडं मोजली होती. उंची, बुंध्याचा घेर, पानं किती, घडाला फण्या किती. गेल्या थंडीच्या तोंडाशी त्या निवृत्त झाल्या. मुदतवाढ मागितली होती, ती मिळाली नाही. निरोपाला एक भिंतीवरचं घड्याळ आणि अर्धा कप चहा मिळाला. तेव्हापासून त्यांनी केंद्राचं तोंड पाहिलं नव्हतं. पण मुकादमबाई म्हणजे त्यांची थोरली वहिनी. एका घरात तीस वर्षं काढलेली.

वहिनी फाटकाबाहेरच्या दगडावर हाताची घडी घालून बसल्या होत्या. शेजारी पहारेकरी उभा, जणू त्या उडून जाणार होत्या.

"वहिनी, काय झालं?"

"आत जाऊन बघा की. डोळे आहेत ना तुम्हाला?"

"कोयता तुमचाच?"

"माझाच. अवजारांच्या खोलीत टांगलेला असतो. त्या खोलीचं कुलूप वर्षभर मोडकं आहे. कोण ओरडतंय दुरुस्त करा म्हणून? मीच."

"मग हे साहेबांना सांगितलंत?"

वहिनींनी मान वळवली. डोळे कोरडे होते. "त्यांनी मला 'काय झालं' असं विचारलं नाही, वन्सं. 'का केलंस' असं विचारलं. बावीस बायकांसमोर. अगं-तुगं करून. आता मी तोंड उघडणार नाही. न्या म्हणावं कुठे न्यायचं ते."

टेपबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. फाटकाची कडी त्यांनी इतक्या जोरात आपटली की पहारेकऱ्याने आपणहून वाट दिली.

२

"बाई, तुम्ही आता इथे नोकरीला नाही," केंद्राचे साहेब म्हणाले.

"म्हणून तर तोंड मोकळं आहे माझं."

साहेबांच्या खोलीत समिती येऊन बसली होती. तिघं जण. त्यातल्या दोघांना परतीच्या गाडीची काळजी होती. तिसऱ्या होत्या रोगतज्ज्ञ, पांढऱ्या केसांच्या, कमी बोलणाऱ्या. साहेब रात्री शहरातल्या विश्रामगृहात याच तिघांसोबत होते आणि सकाळी यांच्याच गाडीतून आले होते.

"सरळ गोष्ट आहे," साहेब सांगत होते. "आठवड्यापूर्वी या मुकादमबाईंनी माझ्याशी भांडण काढलं. बायकांना रबरी बूट हवेत म्हणून. म्हणे, साहेब लोकांच्या बुटांना औषधात बुडवायला टाकी आणि आम्ही रोगाच्या मातीत अनवाणी. मी म्हटलं, पुढच्या वर्षी बघू. तर त्या म्हणाल्या, 'तुमच्या डोळ्यांत पाणी आल्याशिवाय तुम्हाला कळणार नाही.' पंधरा जणांनी ऐकलंय! आज ते पाणी आणलं त्यांनी."

"बूट दिलेत का मग?" टेपबाईंनी विचारलं.

"हा विषय आहे का आत्ता?"

"माझ्या वहिनीच्या पायांना भेगा आहेत, त्यात बोट जाईल. तुमचा विषय कुठला आहे ते सांगा."

रोगतज्ज्ञ बाईंनी हात वर केला. "पोलिसांना कळवायचं ते पाचला कळवा. तोवर यांना बघू द्या. मलाही एक कळत नाहीये. ज्याला नासधूस करायची तो झाड कापेल. कंद कशाला उकरेल?" मग त्या साहेबांकडे वळल्या. "आणि मी काल दुपारी फोन करून कळवलं होतं की, या खेपेला नुसती पानं बघून गुण देणार नाही. प्रत्येक वाणाचे कंद काढून आडवे फोडणार."

साहेब चमकले. "फोन? मला कुणी बोललं नाही."

मर रोग मुळातून कंदात चढतो. पानं वरून हिरवीगार असली तरी आतला कंद तांबूस-काळा पडलेला असू शकतो. खरं काय ते कंद फोडल्यावरच दिसतं. टेपबाईंना हे कुणी समजावून सांगायला नको होतं.

"फोन कुणी घेतला होता?" त्यांनी विचारलं.

"पुरुषाचा आवाज होता. 'बरं' म्हणाला आणि ठेवून दिला."

"पण काल ऑफिसला कुलूप होतं," साहेब म्हणाले. "किल्ली माझ्या खिशात होती."

३

शेतात शिरताना टेपबाईंनी दोन्ही चपला औषधाच्या टाकीत बुडवल्या. सव्वीस वर्षांची सवय. मागून रोगतज्ज्ञ बाई येत होत्या, चार पावलं अंतर ठेवून.

कोयता एका फळीवर ठेवला होता. टेपबाईंनी तो उचलून उन्हात धरला. पात्याला माती लागली होती. माती पुसल्यावर पातं लखलखीत.

"केळीचा चीक कधी कपड्यावर पडलाय तुमच्या?" त्यांनी विचारलं.

"एक साडी टाकून द्यावी लागली होती."

"पात्यावरही तसाच बसतो. काळा. राखेने घासला तरी कडेला राहतो. चाळीस बुंधे कापलेल्या कोयत्याचं पातं असं असतं?"

रोगतज्ज्ञ बाईंचं अंतर दोन पावलांवर आलं.

मग बुंधे. वहिनींचा हात टेपबाईंनी हजार वेळा पाहिला होता. तिरका एकच घाव, झाड मुकाट्याने पडायचं. इथे प्रत्येक बुंध्यावर पाच-पाच, सहा-सहा घाव. कुठे वर, कुठे खाली, कुठे निसटलेला. ज्याने कापलं त्याने आयुष्यात कोयता धरला नव्हता.

मग खड्डे. टेपबाई एकाशेजारी उकिडव्या बसल्या आणि गळ्यातली मोजपट्टी काढली. मोजलं. दुसरा मोजला. दहा मोजले. प्रत्येक वेळी त्यांच्या कपाळावरची आठी वाढत गेली.

"तीन वर्षांच्या केळीचा कंद बघा," त्या शेजारच्या पाच नंबरच्या ओळीकडे बोट दाखवत म्हणाल्या. "पहिल्या वर्षीचं झाड घड देऊन जातं, त्याच्या कुशीतून मुनवा येतो, त्याच्या कुशीतून पुढचा. आजी, आई, लेक एकाच जागी चिकटून. ते सगळं उपटायला दोन बायकांना पहार घेऊन अर्धी सकाळ लागते. आणि खड्डा होतो बैलगाडीच्या चाकाएवढा. हे खड्डे घमेल्याएवढे आहेत."

"म्हणजे?"

टेपबाई तोवर उठल्या होत्या. त्या पडलेल्या एका बुंध्यावरून बोटं फिरवत होत्या, पानांचे देठ जिथून फुटतात तिथे. मग उठून पाच नंबरच्या उभ्या झाडाकडे गेल्या, तिथेही बोटं फिरवली. मग आठ नंबरच्या. परत आल्या.

"थंडीत केळ आखडते," त्या हळू म्हणाल्या. "उन्हाळ्यात आठवड्याला एक पान, थंडीत महिन्याला एक. ते देठ एकमेकांना चिकटून येतात. थंडी काढलेल्या प्रत्येक झाडाच्या अंगावर असा दाटीचा पट्टा असतो. पाचला आहे. आठला आहे. ज्या झाडांत थोडी धुगधुगी आहे त्या सगळ्यांना आहे." त्यांनी पायाशी पडलेल्या बुंध्याकडे पाहिलं. "याला नाही. त्यालाही नाही. चाळिसातल्या एकालाही नाही."

रोगतज्ज्ञ बाईंचा चेहरा बदलला.

"या झाडांनी थंडी पाहिलेलीच नाही," टेपबाई म्हणाल्या. "ही तुमच्या प्रयोगातली झाडंच नव्हेत."

४

म्हणजे एकात दोन गुन्हे होते. आधी कुणीतरी मेलेली झाडं गुपचूप बदलली. आणि काल, कंद फोडणार म्हटल्यावर, बदललेली झाडं नाहीशी केली. कारण कंदाशेजारी आजी-आईची खुंटं नाहीत, हे रोगतज्ज्ञ बाईंना पहिल्याच घावाला दिसलं असतं.

टेपबाई एकेकाला गाठत निघाल्या.

कुंपणापलीकडचा शेजारी तर वाटच बघत होता. "माझंच नाव घेतलं असेल ना साहेबाने? तुमच्या शेतातलं पाणी माझ्या मळ्यात येतं म्हणून मी बोंब मारतो, तेवढं पुरे त्याला. अहो, तुमच्या त्या रोगट मातीतला कंद मी हातात धरीन? माझं शेत पडीक टाकायचंय का मला तीस वर्षं? आणि तुमचे ते आकडे-पाट्या. कुठली केळ सात आणि कुठली आठ, मला सगळ्या सारख्याच दिसतात."

खरं होतं. सात नंबरची झाडं एका ठिकाणी नव्हती. दहा-दहाच्या चार ओळी, शेताच्या चार कोपऱ्यांत विखुरलेल्या. पाट्यांवर वाणाचं नाव नाही, नुसता ओळीचा आकडा. कोणत्या ओळीत कोणता वाण, ते नकाशात. बाहेरचा माणूस भर दुपारीही चुकला असता.

मग टेपबाईंच्या जागी आलेला टॅबवाला. तिशीचा, इस्त्रीचा शर्ट, हातात कायम टॅब. त्याला पंपघराशी गाठलं, तेव्हाच त्याच्या ओठांना कोरड पडली होती.

"काल दुपारी कुठे होतास?"

"शेतात, मॅडम. बायकांना विचारा. संध्याकाळपर्यंत."

"थंडीतली मोजमापं दाखव."

त्याने दाखवली. टेपबाईंनी आकड्यांवरून बोट खाली नेलं. तीन महिने प्रत्येक झाड दर महिन्याला बरोबर चार बोटं वाढलं होतं. सगळे वाण. सगळ्या ओळी.

"अरे गाढवा," त्या म्हणाल्या. "थंडीत झाड वाढतं का असं? तू शेतात गेलाच नाहीस!"

टॅबवाल्याचा चेहरा पडला. "पहाटे हात गोठायचे, मॅडम. टॅबही चालायचा नाही त्या गारठ्यात. मी इथे पंपघरात बसून... अंदाजाने..."

"मी सव्वीस थंड्या मोजल्या. पेन गोठलं की काखेत धरायचे. चाळीस झाडं तुझ्या नाकासमोर मेली आणि तू अंदाज लिहीत बसलास!"

तो रडायच्या बेतात आला. टेपबाईंनी त्याला तिथेच सोडलं. हा आळशी होता, खोटारडाही होता, पण झाडं मेलेली त्याला ठाऊकच नव्हती. ठाऊक नसलेलं लपवणार कोण?

शेवटी प्रयोगशाळा. इथे बाटल्यांमध्ये केळीची रोपं वाढवत, बोटाएवढी, हजारोंनी. इथले सर मवाळ बोलणारे, पांढऱ्या एप्रनमधले. सगळे त्यांना बाटलीवाले सर म्हणत आणि त्यांना ते आवडायचं. सात नंबर त्यांचा. अकरा वर्षं त्यांनी त्यावर घातली होती. उष्ण भागातल्या दोन केंद्रांवर तो मर रोगाला पुरून उरला होता.

"या, टेपबाई. अकरा वर्षं पाण्यात गेली बघा." त्यांचे डोळे खरंच लाल होते. मदतनीस चहाचे दोन पेले ठेवून गेला. खोलीत कच्चं काहीतरी उकडल्यासारखा तुरट वास होता. टेबलावर बाटल्यांच्या गर्दीत जुना काळा फोन.

"अंधारात सात नंबर नेमका ओळखला कसा असेल हो, सर?"

"नकाशा आहे की. ऑफिसात एक, माझ्याकडे एक. मुकादमबाईंनी पाहिला असेल कधीतरी." त्यांनी सुस्कारा सोडला. "त्यांनी असं करायला नको होतं. मी साहेबांना म्हटलं, पोलिसांत नका देऊ बिचारीला. कामावरून काढा, पण पोलीस नको."

"फार दयाळू आहात."

बाटलीवाले सर हसले. हात एप्रनच्या खिशात होते. चहा निवून गेला, तरी त्यांनी पेला उचलला नाही.

५

दुपारी तीनला टेपबाई पुन्हा फाटकाशी आल्या. वहिनी अजून त्याच दगडावर होत्या. बायकांनी डबा आणून दिला होता, तो उघडलेला नव्हता.

"वहिनी, साहेबांसमोर नका बोलू. माझ्याशी बोला. सात नंबरची मेलेली झाडं कुणी बदलली?"

"मी," वहिनी म्हणाल्या.

टेपबाई दगडाशेजारी खाली बसल्या.

"असं काय बघता? ऑफिसची चिठ्ठी आली. सात नंबरचे नांगे भरा. लागण करताना एखादं रोप मरतं, तिथे दुसरं लावतो, त्याला आपण नांगे भरणं म्हणतो. इथे नांगे कसले, थंडी सरेपर्यंत चाळीसच्या चाळीस वाळून गेलेली. मी हातगाडीवरून आलेली मोठी रोपं घेतली आणि लावली. आठ बायका, दोन दिवस. मला वाटलं, मोठ्या लोकांचा काहीतरी नवा प्रयोग असेल."

"सही कुणाची होती चिठ्ठीवर?"

"साहेबांची."

टेपबाईंनी डोळे मिटले. साहेब. शहरातून फोन करून कुणालाही कापायला सांगू शकणारे साहेब. पण फोनचं कळलं तेव्हा ते दचकले होते, आणि ते दचकणं खोटं नव्हतं. शिवाय साहेब चिठ्ठ्या वाचत नसत. गठ्ठा समोर आला की खाली-खाली सह्या करत जात. त्यांच्या सहीने या केंद्रात एकदा मांजरालाही रजा मंजूर झाली होती, कुणीतरी गंमत म्हणून कागद घुसवला होता.

"आणि मला सांगा," त्या म्हणाल्या, "तुम्हीच सात नंबर कापायचा ठरवला असता, तर किती झाडं कापली असती?"

"एकेचाळीस," वहिनी पटकन म्हणाल्या.

"एकेचाळीस?"

"विसरलात? तीन नंबरच्या ओळीत शेवटचं, पंपघराच्या भिंतीला टेकून आहे ते. लागणीच्या वेळी चुकून सातचं रोप तिकडे गेलं. सहा महिन्यांनी देठाची लाल कड बघून तुम्हीच ओळखलंत. तेव्हाचे साहेब म्हणाले, राहू दे, मोजू नका. नकाशात ते तीनच आहे. पण आहे सातचं. अजून उभं आहे, भिंतीच्या उबेला."

टेपबाई उठल्या. चिखलाचा हात त्यांनी साडीलाच पुसला.

"चला," त्या म्हणाल्या. "आत."

"मला मनाई आहे."

"मी म्हणतेय चला."

६

चारला सगळे पंपघराच्या भिंतीशी जमले. समिती, साहेब, टॅबवाला, बाटलीवाले सर, मागे कामावरच्या बायका. वहिनी सगळ्यांत पुढे, अनवाणी.

"कोयता माझ्या वहिनीचा आहे," टेपबाईंनी सुरुवात केली. "पण त्याने एकही झाड कापलेलं नाही. पात्याला चीक नाही. तो आणून टाकलाय. घाव आहेत ते शिकाऊ हाताचे. आणि सगळ्यांत मोठी गोष्ट, कापणाऱ्याने चाळीस झाडं कापली. माझ्या वहिनीने एकेचाळीस कापली असती. हे इथलं झाड सात नंबरचं आहे, फक्त नकाशात तसं लिहिलेलं नाही. ही बाई झाड बघून ओळखते. कापणारा कागद बघून ओळखतो."

बायकांच्यात कुजबुज झाली.

"मग बदललेली रोपं आली कुठून? चाळीस मोठी रोपं, सात नंबरची. ती एकाच ठिकाणी मिळतात. नांगे भरायची चिठ्ठीही तिथूनच साहेबांच्या सह्यांच्या गठ्ठ्यात घुसली. आणि कालचा फोन? ऑफिसला कुलूप असलं की तीच लाईन आणखी एका टेबलावर वाजते. बाटल्यांच्या गर्दीत काळा फोन आहे तिथे. मी सव्वीस वर्षं इथे होते, सर."

बाटलीवाले सर शांत होते. "हे सगळे अंदाज आहेत, टेपबाई."

"बरोबर. अंदाज मलाही आवडत नाहीत." त्यांनी भिंतीला टेकवलेली पहार उचलली आणि त्यांच्यापुढे केली. "हे झाड खणून द्या. तुमचंच आहे."

सरांनी खिशातून हात काढले. पहार धरली. लोखंडाचा भार तळव्यांवर आला तसा त्यांच्या तोंडून आवाज निघाला आणि पहार खाली पडली. दोन्ही तळवे फोडांनी भरले होते. काही फुटले होते, कडा चिकाने काळ्या झाल्या होत्या.

"कंद प्रयोगशाळेतल्या वाफेच्या भांड्यात आहेत," टेपबाई म्हणाल्या. "उकडून ठेवलेत. वास येतोय सकाळपासून. इतकं करूनही रोग बाहेर जाऊ नये याची काळजी घेतलीत. शिकलेले आहात."

कुणीतरी प्रयोगशाळेकडे धावलं. जायची गरज नव्हती. सर पंपघराच्या पायरीवर बसले होते.

"ती रोगाने नाही मेली," ते म्हणाले. "थंडीने मेली. सात नंबर रोगाला हरत नाही. हे झाड फोडून बघा. हे भिंतीच्या उबेला आहे. बघाच."

वहिनींनी पहार उचलली. झाड तीन वर्षांचं, बुंध्याशी दोन जुनी खुंटं. दोघी-तिघी बायका लागल्या, तरी बराच वेळ गेला. रोगतज्ज्ञ बाईंनी स्वतः कंद आडवा फोडला.

आत पांढरा शुभ्र. एक ठिपका नाही.

"बघा!" सर ओरडले. उठून उभे राहिले. चेहऱ्यावर चक्क आनंद होता. "मी म्हणत होतो ना! रोग शिवला नाही! उघड्यावरची झाडं गारठून दुबळी झाली, म्हणून रोग आत शिरला. वाणाचा दोष नाही!"

"मग लावायची कुठे ही केळ?" टेपबाईंचा आवाज फाटला. "पंपघराच्या भिंतीला? इथली थंडी ही इथलीच आहे ना, सर? की ती जमेत धरायची नाही? त्यासाठीच तर तीन वर्षं हे शेत! इथे जगते की नाही, एवढंच विचारलं होतं तुम्हाला. उत्तर आलं होतं. चाळीस झाडांनी मरून दिलं होतं!"

सर पुन्हा पायरीवर बसले.

रोगतज्ज्ञ बाई हातातल्या कंदाकडे बघत होत्या. "थंडीने या वाणाची ताकद मोडते, उबेत टिकते," त्या सावकाश म्हणाल्या. "हे तुम्ही तेव्हाच लिहून पाठवलं असतं, तर अकरा वर्षांत तुम्ही केलेलं ते सगळ्यांत मोठं काम ठरलं असतं. आता त्याच्यावर विश्वास कोण ठेवणार? चाळीस पुरावे तुम्ही उपटून फेकलेत आणि त्यांच्या जागी खोटी झाडं लावलीत."

"आणि हिचा कोयता?" टेपबाई पुढे झाल्या. "तो का टाकलात?"

बाटलीवाले सरांनी वर पाहिलं. त्यांना प्रश्न खरंच कळला नसावा. "कुणावर तरी येणारच होतं," ते म्हणाले.

कुणीतरी टेपबाईंचा दंड धरला, नाहीतर त्यांचा हात उठलाच होता. दंड धरणाऱ्या वहिनी होत्या.

७

साडेपाचला पोलीस आले ते दुसऱ्याच माणसासाठी. साहेब घाम पुसत वहिनींकडे आले.

"झालं ते झालं, मुकादमबाई. गैरसमज झाला. उद्यापासून या कामावर."

"येईन," वहिनी म्हणाल्या. "तुम्ही सकाळी बावीस बायकांसमोर बोललात. उद्या सातला त्याच बावीस बायका इथे असतील. त्यांच्यासमोर बोला. आणि 'तुम्ही' म्हणा. बूट आले की मग आत पाय ठेवीन. पुढच्या वर्षी नाही, उद्या."

साहेबांनी समितीकडे पाहिलं. समितीतलं कुणीच त्यांच्या मदतीला आलं नाही.

"आणि चिठ्ठीवर सही तुमची आहे," टेपबाई म्हणाल्या. "तुम्हाला ठाऊक नव्हतं, की ठाऊक करून घ्यायचं नव्हतं, ते चौकशीत सांगा. माझ्या जबाबात मी दोन्ही लिहिलंय."

दोघी फाटकाकडे निघाल्या. सात नंबरची शिफारस रद्द झाली होती. रोपं बाहेर गेली असती, तर इथल्या मळ्यामळ्यांत हे चाळीस खड्डे पडले असते, आणि मातीत शिरलेला रोग पुढची तीस वर्षं निघाला नसता. ते टळलं होतं. पण टेपबाईंचा राग उतरत नव्हता. सरांवरचा, साहेबांवरचा, त्या टॅबवाल्यावरचा. आणि आता तो वळून वहिनींवर आला.

"तुम्ही मला का नाही सांगितलंत हो? एका घरात राहतो आपण! अख्खा वाण मेला, तुम्ही नांगे भरलेत, आणि मला एका शब्दाने नाही? मला त्याच दिवशी कळलं असतं काय चाललंय ते!"

वहिनी थांबल्या. त्या चिडल्या नाहीत. ते टेपबाईंना जास्त लागलं.

"सांगितलं होतं, वन्सं. त्याच दिवशी. मी घरी आले, तुम्ही धान्य निवडत होतात. म्हटलं, अहो, सातची सगळी झाडं मेली, काहीतरी वेगळंच दिसतंय. तुम्ही ताट बाजूला सारलंत आणि म्हणालात, त्या शेताचं नाव माझ्यासमोर काढायचं नाही. मी दुसऱ्या दिवशी परत काढलं. तुम्ही उठून गेलात."

टेपबाईंना आठवलं. ताट आठवलं, आपला आवाजही आठवला. त्या वेळी त्यांना फक्त ते भिंतीवरचं घड्याळ दिसत होतं आणि अर्धा कप चहा. त्या रागाला त्यांनी आठ महिने जपलं होतं आणि त्याच्या आवाजात दुसरं काही ऐकू आलं नव्हतं.

दिवसभर त्यांच्याकडे प्रत्येकासाठी बोल होते. आता एकही सापडेना.

"थांबा इथेच," एवढंच त्या म्हणाल्या आणि परत फिरल्या.

रोगतज्ज्ञ बाई साहेबांच्या टेबलावर कागद लावत होत्या. टेपबाईंनी त्यातून आपला जबाब ओढून घेतला, उभ्यानेच पेन उघडलं आणि सहीच्या वर उरलेल्या जागेत दोन ओळी लिहिल्या. झाडं मेल्याचं मुकादमबाईंनी मला त्याच दिवशी सांगितलं होतं. मी ऐकून घेतलं नाही.

रोगतज्ज्ञ बाईंनी वाचलं. "याची काही गरज नाही. तुम्ही तेव्हा नोकरीतही नव्हता."

"बाकी सगळ्यांचं लिहिलंय ना मी?" टेपबाई म्हणाल्या. "मग हेही जाऊ दे."

त्यांनी खाली पुन्हा एकदा सही केली, तारीख घातली आणि कागद पुढे सरकवला.